उजव्या बाजूची म्हैस

दादा,

लोक तुझ्याविषयी चांगलं बोलतायत आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. एकाने माइक हातात घेऊन सांगितलं, की भावाने बहिणीच्या शिक्षणासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी समोरच बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, की त्याने सोडलं नव्हतं, तो बारावीला गणितात दोनदा आपटला होता. तू असतास तर तूच सांगितलं असतंस. माझ्या पदवीचे पेढे वाटताना काकांनी हेच पुराण लावलं होतं, तेव्हा तू भर अंगणात म्हणाला होतास, "काका, माझ्या नापासाचं पुण्य कशाला करताय? मला येत न्हवतं, हिला येत हुतं. झालं."

असं फटकन खरं बोलून मोकळं व्हायचं काम आपल्या घरात तुझं. मी घरातली पहिली पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे, तो मी लपवणार नाही. पण खरं बोलायचं म्हटलं की मी आधी प्रस्तावना करते. आज मला तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती फटकन तोंडातून निघत नाहीये. म्हणून जरा लांबून येते. तुला सवय आहे.

भाषणांत तुझी कॅब आली. वरच्या खोल्यांतल्या भाडेकरू पोरांशी तू भावासारखा वागायचास, ते आलं. आपल्या जांबे गावात कुणाची गाडी बंद पडली तर आधी तुला फोन जायचा, तेही आलं. आपला गेम आला नाही. घाटावरच्या त्या गर्दीत माझ्याशिवाय आणि वैनीशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं, की हिंजवडीत कंपनीची माणसं सोडून आलेला हा ड्रायव्हर दुपारी घरी बसून गेमसाठी लॅपटॉपवर साळिंदराचे काटे एकेक करून रेखाटत असतो.

टीव्हीला लावायचा तो कॅसेटचा मारामारीचा गेम आपल्या आळीतली सगळी पोरं खेळली आणि मोठी होऊन विसरली. आपण दोघं विसरलो नाही. मी बीएस्सीला असताना मला कळलं, की न विसरलेली माणसं देशभर आहेत, देशाबाहेरही आहेत. फुकटच्या एका सॉफ्टवेअरवर ती त्या जुन्या गेमची आपापली रूपं बनवतात आणि एकमेकांना देतात. कुणी नवा लढवय्या घालतं, कुणी नवं मैदान. पैसा नाही, नाव नाही, नुसती हौस. मी तुला दाखवलं. तू बराच वेळ बघितलंस आणि विचारलंस, "आपण कायतरी घातलं तर चालंल का त्येंना?"

चित्रं तुझी, कोड माझा, अशी वाटणी झाली. काय घालायचं ते मात्र ठरेना. मग एका सकाळी तू आईच्या कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उचललंस आणि आतून मुंगूस निघालं. तुझ्या पायावरून पळालं. तू आधी बोंबललास, मग तिथेच उकिडवा बसून हसत सुटलास. आई ओरडत होती, "माझी तलंग कोंबडी न्हेली आन ह्यो दात काढतोय!" तू तसाच आत आलास.

"सोने, हेच घालायचं. लढाई चालल्याली आसंल तवा वरनं डालगं पडंल. ज्यानं आधी लाथ मारली, त्याचं. आतनं काय निघंल त्याचा नेम न्हाई. पर जे निघंल ते त्याच्या मदतीला."

बारा जनावरं ठरली, बाराही आपल्या शिवारातली. बिबट्या, मुंगूस, घोरपड, साळिंदर, भाताच्या खाचरातला खेकडा, आईचा तो माणसांवर धावणारा कोंबडा. इतरांच्या गेममध्ये ड्रॅगन निघायचे. आपल्या डालग्यातून खेकडा निघायचा आणि समोरच्या पहिलवानाच्या अंगठ्याला धरून बसायचा. ग्रुपवर दोन-अडीचशे लोक होते, ते त्या खेकड्यावर जीव टाकायचे.

आणि म्हैस. म्हैस निघायची, डुलत डुलत मैदानाच्या मधोमध यायची, बसायची आणि रवंथ करायची. वेळ संपली की निघून जायची. शिंग नाही, लाथ नाही. उलट ज्याच्या मदतीला आली त्याचाच रस्ता अडवायची.

"हिचा उपयोग काय?" मी विचारलं होतं.

"काय न्हाई."

"मग मदतीला कशाला?"

"लग्नघरात बघ की. मदतीला म्हणून पंधरा जण येत्यात. तिघं राबत्यात, बाकीचे जेवून मांडवात आडवे. त्यास्नी कोण म्हणतं का, तुमी मदतीला आला न्हाई म्हणून?"

मी म्हणाले, बरं, असू दे, पण तिची पाळी कमी वेळा येईल असं करू. खेळणारा वैतागेल. यावर आपलं चांगलंच वाजलं. तू हट्टाला पेटलास. "बारा हायेत तर बारांना सारका चान्स. डालग्यात आपण हात घालायचा न्हाई. हात घातला की ते डालगं ऱ्हात न्हाई, पिशवी हुती. आपणच भरल्याली."

मी हो म्हटलं. दोन वर्षं ते तसंच होतं, बाराला बारा सारखे. हेही सांगायला हवं. सुरुवातीपासून मी लबाड नव्हते.

आपल्याकडे कंट्रोलर दोनच, त्यातल्या एकाचं लाथेचं बटण अडकायचं. नवा आणू आणू म्हणता राहिला. चांगला तू मला द्यायचास, आणि अडकणारा घेऊन उजव्या बाजूला बसायचास. दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की. आणि तरी तूच जिंकायचास. मी चिडले की म्हणायचास, "बटण अडाकतं तर म्या दुसरं कायतरी करतो. तू शिकल्याली, तुला एकच रस्ता ठावं."

तू कॅब चालवतोस याची लाज मला कधी वाटली नाही, दादा, हे तुला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तू मला कंपनीच्या गेटसमोर सोडलंस, खाली उतरून दार उघडलंस आणि सलाम ठोकलास, "उतरा म्याडम." सिक्युरिटीवाला बघायला लागला तेव्हा मी मोठ्याने सांगितलं, हा माझा दादा आहे. तुझी लाज नव्हती. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस हे मात्र सोसायचं नाही. गणितात दोनदा आपटलेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत, अडकलेल्या बटणावर, मला हरवायचा. मी कोड लिहिलेल्या गेममध्ये.

गेल्या वर्षी भाद्रपदात माझ्या ऑफिसातले तिघं खेकड्याचा रस्सा खायला घरी आले होते. त्यांना मी ऑफिसात सांगून ठेवलं होतं, की मी एक गेम बनवलाय. 'मी' म्हटलं होतं. जेवणं झाल्यावर खेळायला बसलो. तू मला ओळीने सात वेळा लोळवलंस. एकदा तर बिबट्या, मुंगूस, पुन्हा बिबट्या असं तुझ्या डालग्यातून निघत गेलं. त्या तिघांतला नागपूरचा पोरगा म्हणाला, "काय गं, गेम नेमका बनवला कोणी? तू की दादांनी?"

तू म्हणालास, "बनावला दोघांनी. पर डालगं कसं हाय, ते पदवी बघत न्हाई!"

सगळे हसले. वैनी ताटं उचलता उचलता हसली. मीही हसले.

त्याच आठवड्यात मी कोडमध्ये एक ओळ वाढवली. उजव्या बाजूच्या खेळाडूने डालग्याला लाथ मारली, तर निम्म्या वेळा म्हैसच निघेल. डाव्या बाजूला काही फरक नाही.

चार मिनिटांचं काम. ऑफिसात मी टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून काढते. त्यामुळे चूक कुठे ठेवली की नजरेला येत नाही, ते मला चांगलं कळतं. तिथेच ठेवली. तुला कोड वाचता येत नव्हता आणि त्या भरवशावरच मी ती ओळ लिहिली. माझ्याविषयी मला याहून वाईट वाक्य लिहिता येणार नाही, म्हणून लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी मी जिंकले. "आज म्हशीनं पाठच धरली की," तू म्हणालास. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जिंकले. मनात होतं, की दोन रविवार मजा घेऊ, मग ओळ काढू, मग सांगू आणि दोघं हसू. पण जिंकायची सवय लागते. दिवाळीला नवं व्हर्जन देतो असं तू ग्रुपला कबूल करून बसला होतास. मी ती ओळ तशीच ठेवून फाइल चढवली. घाईत राहिली असं म्हणता येईल, पण ते खोटं होईल. काढली असती तर तू लगेच पुन्हा जिंकायला लागला असतास. खरं कारण एवढंच.

महिन्याभरात भोपाळच्या एका पोराने ग्रुपवर लिहिलं. तिथे सगळ्यांची टोपणनावं, त्याचं 'कछुआ'. त्याने लिहिलं, "राइट साइड पे भैंस ज़्यादा आती है, चेक करो."

मी त्याला लांबलचक उत्तर दिलं, इंग्रजीत. माणसाच्या डोक्याला जिथे काही नसतं तिथेही आकार दिसतात, पाच-पंचवीस खेळांवरून अनुमान काढू नये, वगैरे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं संख्याशास्त्र सगळं ओतलं. खोटं उघडं पाडायला जे शिकवतात, ते मी खोटं झाकायला वापरलं. तो पोरगा एवढंच म्हणाला, "दीदी, मैंने गिना है."

मग तू मध्ये पडलास. तुझं ते हिंदी अजून ग्रुपवर आहे, काल पुन्हा वाचलं. "मेरी बहन ने लिखा है. वो पढ़ेली है. गलती नहीं होयेगी. तुम पहले खेलना सीखो." तो ऐकेना तेव्हा तू त्याला ग्रुपमधून काढलंस. मी ऑफिसातून आले तर तू अंगणात वाटच बघत होतास. "काढला त्याला. लई शाना समजत हुता. तुझ्या कोडात चुका काढतोय!"

मी म्हणाले, "बरं केलंस."

हे दोन शब्द, दादा. ती ओळ मी चिडून लिहिली होती, तिला काहीतरी माफी असेल. या दोन शब्दांना नाही.

त्यानंतर कधीतरी तू म्हशीच्या मागे लागलास. उन्हाळ्यात एका रविवारी मला गाडीत घालून कासारसाईच्या धरणावर घेऊन गेलास. मला वाटलं, हवा खायला. तू काठावर बसलास आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी मोबाइलवर घ्यायला लागलास. तास झाला, दीड तास झाला. मी वैतागले.

"दादा, अकरा जनावरं आहेत अजून."

"ती बरी हायेत."

"शेकरू अर्धंच राहिलंय तुझं."

"ऱ्हाऊ दे. तूच म्हणती ना, शेकरू भायेरच्यांना वळखायचं न्हाई?"

"मग म्हैस तर काहीच करत नाही. तिला एवढ्या फ्रेम कशाला?"

तू मोबाइलवरून नजर न काढता म्हणालास, "मला सारकी तीच भेटतीया. तर नीट तरी दिसू दे."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हशींकडेच बघत होतास. तेवढ्यात एक उठली. आधी मागचे पाय, मग पुढचे. तू मला कोपराने ढोसलंस, "बघ, बघ, आदी मागनं उठती. आपण उलटं काडलंय." मला वाटलं, सहज बोललास. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

ती म्हैस तू तीन महिने काढत होतास. तिचे कान माश्यांवर हलायला लागले. तिच्या पाठीवर बगळा येऊन बसायला लागला. बसताना ती आधी जागा हुंगायची आणि तोंड वेडंवाकडं करायची, आईला नको असलेला पाहुणा आला की आई करते तसं. ग्रुपवरचे लोक तिची वाट बघायला लागले. एकाने लिहिलं, की म्हैस बघत राहिलो आणि हरलो, पण काही वाटलं नाही. ते तू वैनीला चार वेळा वाचून दाखवलंस. आणि उजव्या बाजूला बसून माझ्याशी हरत राहिलास.

मग ताप आला. तापाचं काय लिहू? नऊ दिवस. पहिले तीन दिवस मी हॉस्पिटलात आलेच नाही, ऑफिसात कामाची धांदल होती. चौथ्या दिवशी आले. वैनी खाली चहाला गेली होती. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास, म्हणून मोबाइल काढला.

"सोने."

"काय रे?"

"तुझं काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

"कशाचं?"

"कशाचं का आसंना."

"नाही रे. तू आधी बरा हो."

"बरं," म्हणालास आणि कूस बदललीस.

वैनीला मी नंतर सांगितलं, की तो बहुतेक माझ्या लग्नाचं विचारत होता. तुला तरी खरं सांगते. लग्नाचं नाही हे मला कळलं होतं. ओठांवर आलं होतं. पण लगेच कारणं सुचली. आजारी माणूस आहे, उगाच कशाला, बरा झाला की रविवारी सांगू, आपण दोघं हसू. कारणं मला पटकन सुचतात. शिक्षणाने तेवढं नक्की दिलं.

पुढचे दोन दिवस तू चांगला होतास, बोलत होतास, म्हणून मी निवांत राहिले. मग तू बोलेनासा झालास.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपला कळवायला म्हणून मी तुझा लॅपटॉप उघडला. वैनी चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"ताई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल की."

"त्येंना म्हशीचं ठावं हुतं."

मी लॅपटॉप मिटला.

वैनीने सांगितलं ते असं. संक्रांतीच्या आसपास एका दुपारी तू तिला खेळायला बसवलंस. ती म्हणाली, मला येत न्हाई. तू म्हणालास, नुस्ती डालग्याला लाथ मार. तिला उजवीकडे बसवलंस, स्वतः डावीकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, म्हैस निघेल तशी एकेक काडी मारत गेलास. पन्नास डालगी झाली, मग जागा बदलून पुन्हा पन्नास. वैनी कंटाळून गेली. "म्या म्हणलं, भाकरी करपंल माझी. तर म्हणले, बस जरा. मग काड्या मोजल्या. पुन्यांदा मोजल्या. म्हणले, त्यो भोपाळवाला खरा हुता."

"मग मला का नाही विचारलं?"

"म्या तेच म्हणलं. ताईस्नी इचारा की. तर म्हणले, इचारलं तर ती न्हाई म्हणंल. शिकल्याली हाय, असं पटवून देईल की मला पटंल बी. पर आत ठावं ऱ्हाईल, सोनी माझ्याशी खोटं बोलली. त्यापरीस म्हस बरी. तिला सांगायचं तवा ती आपणहून सांगंल."

संक्रांतीपासून भाद्रपदापर्यंत. आठ महिने. तेवढे रविवार तू सगळं माहीत असून उजवीकडे बसलास.

मला तुझा रागही आलाय, हे लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. तू कोण मोठा लागून गेलास रे? एकदा कंट्रोलर आपटला असतास. चार शिव्या घातल्या असत्यास. सगळ्यांना फटकन बोलायचास, आणि माझ्या वेळेलाच बरा गप बसलास. तू बोलला असतास तर मी खोटं बोलले असते, हे तुझं बरोबर आहे. पण दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर? तिसऱ्यांदा? माझी वाट बघत बसलास आणि मला वाट बघतोयस हेही कळू दिलं नाहीस. आईला हे बोलले तर आई म्हणाली, "त्यो गेला आन तू त्याच्याशी भांडती व्हय?" मग म्हणाली, "भांड. न्हाईतर कुणाशी भांडशील आता."

आईला गेम काय ते कळत नाही. मी तिला सगळं सांगितलं, ओळ, म्हैस, तो पोरगा.  तिने एकच विचारलं, "म्हंजे तू त्याच्या पानात मुद्दाम कमी वाढलंस?"

"हो."

"आन त्यो तसाच जेवला."

ती उठून कोंबड्यांकडे गेली.  दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं.

मी ती ओळ काढली. आता बाराला बारा सारखे आहेत. ग्रुपवर आधी तू गेल्याचं लिहिलं, मग दोन दिवसांनी ओळीचं लिहिलं, काहीही न गाळता, कुणासाठी घातली होती तेही. लोकांनी लगेच माफ केलं. भावाबहिणीत चालायचंच, दादांना कळलं असतं तर तेही हसले असते, असं एकाने लिहिलं. ती माफी मला घेताच आली नाही. ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, ते माफ करत होते.

बिघडलं होतं त्या भोपाळच्या पोराचं. त्याला शोधून मी वेगळा मेसेज केला. लिहिलं, की तू बरोबर होतास, मी खोटं बोलले, ती ओळ मी जाणूनबुजून घातली होती आणि तुला ग्रुपमधून काढलं तेव्हा मी गप्प बसले. दादा, तू गेल्याचं मात्र त्यात लिहिलं नाही. ते वाचलं असतं तर त्याला माझ्यावर रागावता आलं नसतं, आणि तो त्याचा हक्क होता. म्हणून लिहिलं नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

चार दिवस उत्तर नव्हतं. आज सकाळी आलं. जसंच्या तसं लिहिते.

"दीदी, मुझे पता था. भैया ने जनवरी में ही मैसेज करके माफी माँगी थी. बोले, तू सही था, मैं गलत था. पर अभी ग्रुप में वापस नहीं ले सकता, बहन को सबके सामने शरम आएगी. वो खुद बताएगी, तब लूँगा. हर नया वर्ज़न मुझे सबसे पहले भेजते थे. भैंस वाला भी. अच्छा हुआ आपने बता दिया. मैंने उनको बोला था कि नहीं बताएगी, वो बोले कि शर्त लगा ले. भैया को बता दिया ना?"

मी 'हाँ' एवढं टाइप केलं आणि खोडलं. 'नहीं' टाइप केलं, तेही खोडलं. मग लॅपटॉप उचलून तुझ्या खोलीत आले आणि हे लिहायला बसले. खाली वैनी भाडेकरूंच्या पाण्याची मोटर लावतेय, आई कुणाला तरी ओरडतेय. लिहिता लिहिता दुपार झाली.

दादा, ती म्हैस मी घातली होती. चुकून नाही. तू हरावास म्हणून घातली होती, आणि तू हरलास तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सांगितलं. आता त्या पोराला तू गेल्याचं कळवते.